आजोबांचा खांदा

ईस्टरच्या रविवारी शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या सुरावर केलेपीचा उजवा हात वर गेला आणि वरच राहिला.

आता आमच्या बेटावरच्या गावच्या गायनमंडळाची शिस्त अशी, की संचालक केलेपीची छडी खाली येईपर्यंत सूर सोडायचा नाही. मग चर्चचं छप्पर उडो नाहीतर समुद्र आत येवो. छडी खाली येईना, म्हणून सूर सुटेना. वरच्या पट्टीतल्या बायका लाल झाल्या, मागच्या रांगेतले खर्जवाले निळे पडू लागले. पाळकसाहेबांनी दोनदा आमेन म्हणून पाहिलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. लोकांना वाटलं, आज केलेपीच्या अंगात काहीतरी संचारलंय. एक म्हातारी तर हुंदके देऊन रडायला लागली. खरी गोष्ट एवढीच होती, की हात वर नेताना अर्ध्या वाटेत खांद्यात जीवघेणी कळ आली होती. ती सोसून हात एकदाचा वर पोचला होता, आणि आता त्याच वाटेने परत यायची केलेपीची छाती होत नव्हती. शेवटी त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि म्हाताऱ्या पाहुण्याला जिन्यावरून उतरवावं तसा स्वतःचा हात खाली उतरवला.

"आज सूर लांबवलास चांगलाच," बाहेर पडताना लिसिआते म्हणाला. "लोकांचा जीव जायचा बाकी होता."

लिसिआते हा मंडळाचा उपसंचालक. शाळेत गणित शिकवायचा, आणि छडीवर त्याचा जुना डोळा होता. पण मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत त्याला सतत मुंग्या यायच्या. गायनाची वहीसुद्धा तो डाव्या हातात धरायचा. म्हणून बिचारा 'उप'च राहिला होता.

"दुखतंय का खांद्यात?" त्याने फार प्रेमाने विचारलं.

"छे! कुठे काय!" केलेपी म्हणाला आणि डाव्या हाताने मोटारीचं दार उघडलं.

यंदा ऑगस्टात चर्चची वार्षिक महासभा आमच्या गावात भरायची होती. सगळ्या बेटांवरून मंडळं येणार, आणि यजमान गावाचं मंडळ सगळ्यांत शेवटी गाणार. माणसाच्या हयातीत असा योग एकदाच येतो. तेव्हा छडी कुणाच्या हातात असणार, हा प्रश्न केलेपीच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. जमीन मोजणी कार्यालयात तो वरिष्ठ मोजणीदार होता, पण ती झाली नोकरी. गावात त्याची ओळख म्हणजे त्याचा उंच हात. छडी इतकी वर जायची की शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही दिसायची.

त्यात एक खोच होती. त्याचे आजोबा, तेही केलेपीच, याच मंडळाचे नामांकित संचालक. आणि त्यांचा हात म्हणे कधी कमरेच्या वर गेला नाही. देवापुढे माणसाने हात वर करायचा नसतो, असा त्यांचा विनय. त्या विनयावर एका पाळकांनी अख्खं प्रवचन केलं होतं, आणि गावातले म्हातारे ते अजून अधूनमधून केलेपीला ऐकवायचे. केलेपी मुकाट ऐकायचा आणि पुढच्या रविवारी हात वीतभर आणखी वर न्यायचा.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "लुपे, महासभेला छडी मीच धरणार. काय वाट्टेल ते होवो."

"आधी चमचा धरा नीट," लुपे म्हणाली. ताटातलं मटण आणि अळूची पानं त्याच्या शर्टावर सांडली होती.

खांदा ही वस्तू अशी आहे, की ती एकाची दुखली तरी सल्ला अख्खं गाव देतं. कावा नावाचं पेय पिण्याच्या बैठकीत कुणी सांगितलं, कुशी बदलून झोप. कुणी म्हणालं, कचेरीतल्या थंड हवेच्या यंत्राचा वारा लागलाय. शेजारच्या काकूंनी नोनीची पानं गरम करून खांद्यावर बांधली. ती इतकी गरम होती की कातडीच्या दुखण्यापुढे हाड दोन दिवस गप्प बसलं. ऑकलंडच्या चुलतभावाने मलम पाठवलं, ते घोड्यांचं निघालं. केलेपीने तेही लावलं. निर्धार म्हणजे निर्धार.

अखेर लुपेने त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथल्या डॉक्टर मेलेआने म्हणजे गावचीच पोर, नुकतीच फिजीहून शिकून आलेली. तिने त्याचा हात बाजूने हळूहळू वर नेला. मध्यावर केलेपी ओरडला, वर पोचल्यावर गप्प झाला, खाली येताना पुन्हा ओरडला.

"ईस्टरला पण असंच झालं ना, काका?" ती म्हणाली. "मी दुसऱ्या रांगेत होते. माझा श्वास अजून परत आलेला नाही."

मग तिने क्ष-किरणाचा फोटो उजेडावर लावला आणि समजावून सांगितलं. पाठीवर फावड्याच्या पात्यासारखं हाड असतं, तो खवाटा. त्या खवाट्याचंच एक टोक वरून पुढे येतं आणि सांध्यावर छप्पर धरतं. छपराखाली दंडाच्या हाडाचा गोळा. छप्पर आणि गोळा यांच्यामध्ये बोटभरही जागा नाही, आणि त्या फटीतून हात उचलणारी स्नायूची दोरी जाते.

"काहींचं छप्पर सपाट असतं, काहींचं जरा वाकलेलं," ती म्हणाली. "तुमचं बघा. पुढची कड खाली वळलीये, आकड्यासारखी. हात वर गेला की दोरी त्या आकड्याखाली चिमटते."

"म्हणजे जन्मजात?"

"बहुतेक. काही डॉक्टर म्हणतात आकडा आधी आणि दुखणं मागून, काही म्हणतात दुखण्यामुळेच आकडा वाढतो. भांडणं चालू आहेत. तोवर तुम्ही रबरी पट्टीचे व्यायाम करा. आणि हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

"कधीपर्यंत?"

"तो ऐकेपर्यंत."

केलेपीने फोटो घरी आणून पुढच्या खिडकीला चिकटवला. दुखणं नुसतं दुखणं होतं तोवर त्यात अपमान होता. आता त्याला आकडा मिळाला होता, त्यामुळे जरा भारदस्तपणा आला. शेजारीपाजारी येऊन पाहून जात. कुणाला त्यात मासा दिसला, कुणाला बेटाचा नकाशा. आणि मग आलिसी आत्या आली.

आमच्याकडे घरात आत्याच्या वर फक्त देव. आत्या आली की केलेपीसारखा सरकारी अधिकारीही खुर्ची सोडून खाली चटईवर बसतो. आत्याने जे मागितलं ते द्यायचं, जे म्हटलं ते करायचं. आलिसी आत्या तर ऐंशीला टेकलेली, निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यापुढे पाळकसाहेबसुद्धा अजून पाढे विसरतात. तिने चष्मा लावला, फोटोजवळ नाक नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हा तुझा खांदा नाही," ती म्हणाली. "हा माझ्या बाबांचा खांदा."

"आत्या, दवाखान्यात माझाच काढला."

"काढला असेल तुझा. आहे त्यांचा. बाबांच्या खांद्यावर काहीतरी येऊन पडलंय तिकडे खाली. चाफ्याचं मूळ असणार. ते काढल्याशिवाय तुझं दुखणं जायचं नाही."

केलेपीने मान खाली घातली. जित्या माणसाचं दुखणं हटेनासं झालं, की मेलेल्या नातेवाइकाच्या हाडांना काय टोचतंय ते बघायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कचेरीत तो या गोष्टींना हसायचा. पण कचेरीत आत्या नव्हती.

"तशी माझी त्या माणसासाठी काही करायची इच्छा नाही," जाता जाता आत्या म्हणाली. "शिक्षिका व्हायला मी बोटीने न्यूझीलंडला निघाले, तेव्हा धक्क्यावर सगळ्यांचे बाप हात हलवत होते. माझा बाप ताठ उभा, हात कमरेला. कठड्याला धरून मी किनारा दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होते, पण एवढासा हात त्याच्याने वर झाला नाही. विनय म्हणे! पण तुझ्यासाठी उघडू कबर."

कबर उघडायची म्हणजे परवानगी आली. पाळकसाहेबांनी 'मी त्या दिवशी गावाबाहेर असेन' असं सांगून ती दिली. आरोग्य कचेरीतला कारकून मात्र काटेकोर होता.

"कबर उघडण्याचं कारण?"

"खांदा दुखतो."

"मयताचा?"

"माझा."

कारकुनाने तसं लिहून घेतलं. त्याला काही नवल वाटलं नाही. स्वतःच्या गुडघ्यापायी त्याने मावशीला दोनदा बाहेर काढलं होतं, आणि दुसऱ्या वेळी गुण आला होता. "पण डॉक्टरची सही लागेल," तो म्हणाला. "आणि डॉक्टर स्वतः हजर पाहिजे. एका कबरीची परवानगी मिळेल. उगाच चार उघडू नका."

"मी काय लिहू यावर?" डॉक्टर मेलेआनेने डोक्याला हात लावला. बराच विचार करून तिने लिहिलं, की झाडाचं मूळ काढल्याने रुग्णाच्या खांद्यास अपाय होणार नाही. हे शास्त्राला धरून होतं.

शनिवारी उजाडताना केलेपी, त्याचे दोन मेहुणे आणि जांभया देणारी डॉक्टर कबरस्तानात जमले. पांढऱ्या वाळूचे आणि पोवळ्याच्या खड्यांचे उंचवटे सगळे सारखेच. जुन्यांवर नावं नव्हती. आत्याने 'चाफ्यापाशी' असं सांगितलं होतं, पण चाफे दोन होते आणि आत्या अजून आली नव्हती. आमच्याकडे मान म्हणून कमरेला चटई गुंडाळतात; अशा प्रसंगी ती सगळ्यांत भारी चटई गुंडाळून येते, आणि ती गुंडाळायला वेळ लागतो.

"आत्याची वाट बघू," थोरला मेहुणा म्हणाला.

"वाट कशाला?" केलेपीने फीत काढली. "लहानपणी बाबा मला कुंपणाच्या कोपऱ्यापासून पावलं मोजून दाखवायचे. अरे, मी रोज लोकांच्या जमिनी मोजतो. माझ्या आजोबांची मला सापडणार नाही?"

त्याने कोपऱ्यापासून फीत धरली, काटकोन घेतला, खुंटी ठोकली. मेहुण्यांनी खणलं. आणि काय सांगावं, खाली हाडं लागली, आणि उजव्या खांद्यावर बरोबर आडवं, मनगटाएवढं जाड मूळ! मेहुण्यांच्या अंगावर काटा आला. डॉक्टरची झोप उडाली. केलेपीने स्वतः करवतीने ते मूळ कापून काढलं, हाडांना सुगंधी तेल लावलं आणि ती पांढऱ्या कापडात ठेवली. "खांदा हलका वाटतोय," तो म्हणाला. वाटतही होता.

तेवढ्यात आत्या आली. छत्री मिटून तिने वाकून कापडात पाहिलं.

"हा कोण?"

"आजोबा!"

"माझ्या बाबांचा सोन्याचा दात होता. याला तर पुढचे दातच नाहीत." आत्याने डोळे बारीक केले. "हा लिसिआतेचा आजोबा. आयुष्यभर शीळ घालत बोलला बिचारा."

मग धाकट्या मेहुण्याला आठवलं, की मोठ्या वादळात कुंपण पडलं होतं, आणि तरुण मंडळींनी ते नवीन बांधताना चांगलं चार हात आत घेतलं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मोजणी कार्यालयाला कळवायचं राहिलं होतं.

म्हाताऱ्याला तेलापाण्यासकट, प्रार्थनेसकट परत झोपवलं. वर वाळू सारखी केली. आणि केलेपी, कमरेला चटई, हातात एक डुक्कर, असा लिसिआतेच्या दारात जाऊन मान खाली घालून बसला. आमच्याकडे माफी अशीच मागतात. डुक्कर मात्र एरवी इतकं ओरडत नाही.

लिसिआते आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. बोलायला म्हणून त्याने उजवा हात उगारला, आणि तो उगारलेल्या हाताकडे बघतच राहिला.

"मुंग्या नाहीत," तो म्हणाला.

त्याने बोटं उघडली, मिटली. हात गोल फिरवला. आतून बायकोला बोलावलं आणि तिच्यासमोर पुन्हा फिरवला. मग त्याने केलेपीला मिठी मारली, तीही दुखऱ्या खांद्यावर.

पुढच्याच सरावाला लिसिआतेने उजव्या हाताने छडी चालवली, आणि ती झकास चालली. चर्चच्या समितीने केलेपीच्या प्रकृतीची काळजी वाहत महासभेसाठी लिसिआतेचं नाव धरलं. बिचाऱ्या केलेपीला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या पदरचं डुक्कर घालून त्याने प्रतिस्पर्ध्याला धडधाकट केलं होतं. तरी रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून तो सकाळ-संध्याकाळ ओढत होता. दोनदा कडी निघून हातात आली. "छडी मीच धरणार," तो कडीला सांगायचा.

आत्याने तर माघार घेतलीच नव्हती. दुसरा अर्ज गेला. कारकून म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, दुसऱ्या वेळी गुण येतो."

या खेपेला लिसिआते स्वतः फावडं घेऊन आला. "तू माझ्या आजोबांना मोकळं केलंस," तो म्हणाला. "चुकून का होईना." आत्या पहिल्यापासून छत्री रोवून बसली होती. तिने बोट दाखवलं तिथे खणलं. सोन्याचा दात उन्हात चमकला, तशी आत्याने मान वळवली.

पण मूळ नव्हतं. दगड नव्हता, काही नव्हतं. आजोबांचा खांदा स्वच्छ वाळूत आरामात होता. आत्या फावड्यांकडे बघत राहिली. ती चुकली असं आमच्या माहितीत पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे अशा वेळी काय बोलतात ते कुणालाच येत नव्हतं. केलेपी मनात म्हणाला, आता छडी गेलीच.

"जरा द्या इकडे," डॉक्टर मेलेआने म्हणाली. आत्याने मान हलवली, तेव्हा तिने खवाटा दोन्ही हातांत घेतला आणि वरच्या टोकावरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. "काका, हात लावा इथे."

केलेपीने बोट लावलं. हाडाची पुढची कड खाली वळली होती. आकडा. खिडकीवर होता तोच, फक्त जास्त मोठा; आणि आतल्या बाजूला हाड झिजून गुळगुळीत झालं होतं.

"यांचा हात वर जातच नसणार," डॉक्टर म्हणाली. "कमरेच्या फारसा वर नाहीच. वरची दोरी केव्हाच तुटून गेली असेल. किती दुखलं असेल यांना!"

आत्याच म्हणाली, अगदी हळू, "आई त्यांचे केस विंचरायची. आम्हाला वाटायचं, लाड करते."

तिने आकड्यावर स्वतःचं बोट ठेवलं.

"फणस उतरवायला नेहमी दुसऱ्याला सांगायचे. आम्ही आळशी म्हणायचो." तिने चष्मा काढला. "आणि धक्क्यावर..."

आमची ही आत्या, जिच्यापुढे गाव चळाचळा कापतं, ती वाळूत बसून लहान पोरीसारखी रडली. केलेपीही रडला. लिसिआते फावड्यावर टेकून रडला. त्याला रडायला फारसं कारण लागत नाही. बरंच रडून झाल्यावर आत्याने नाक पुसलं.

"मी फोटो बघूनच सांगितलं होतं," ती म्हणाली, "की हा बाबांचा खांदा आहे. तुम्हीच झाडं शोधत बसलात."

मग आजोबांना तेल लावून परत झोपवलं.

त्या संध्याकाळी केलेपी सरावाला गेला आणि छडी उजव्या हातात, कमरेपाशी धरून उभा राहिला. हात वीतभर इकडे, वीतभर तिकडे. बाकी सगळं डोळ्यांनी आणि भुवयांनी. दुखत नव्हतं. पुढच्या रांगेने हात दिसावा म्हणून माना खाली घातल्या आणि इतकं लक्ष देऊन गायलं, की समितीचे लोक पायरीवरच थांबले. मागच्या खर्जवाल्यांना मात्र काही दिसेना.

"मी मागे उभा राहतो," लिसिआते म्हणाला. "तू जेवढं हलवशील तेवढंच मी वरून दाखवीन. एक बोटही जास्त नाही."

"तू? छडी सोडून?"

"नाहीतर माझ्या आजोबांनी रात्री येऊन शीळ घातली असती रे मला."

महासभेच्या दिवशी चर्चमध्ये मुंगीला वाव नव्हता. आमचं मंडळ सगळ्यांत शेवटी उभं राहिलं, पांढऱ्या कपड्यांत. पहिल्या बाकावर आत्या, भारी चटईत. केलेपीचा हात कमरेपाशी होता आणि तिथून वर गेला नाही. जुन्या मंडळींमध्ये कुजबूज झाली, थोरला केलेपी परत आला म्हणून. गाणं असं चढत गेलं की खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या, आणि शेवटचा सूर केलेपीने नुसत्या दोन बोटांनी मिटला. आमेन म्हणायचंही पाळकसाहेबांना सुचलं नाही.

त्या शांततेत आलिसी आत्या उठून उभी राहिली. तिने उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि हलवला. सावकाश, बोटीच्या कठड्यावरून हलवतात तसा. ती केलेपीच्या तोंडाकडे पाहत नव्हती. त्याच्या कमरेपाशी असलेल्या हाताकडे पाहत होती.

आता मंडळाची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. हात वर गेलेला दिसला, आणि सगळ्यांनी शेवटचा सूर पुन्हा उचलला. आत्याचा हात खाली येईना, म्हणून सूर सुटेना. बायका लाल झाल्या. खर्जवाले निळे पडू लागले, आणि मागून लिसिआते डोळ्यांनी विचारत होता, थांबवू का?

केलेपीने मान हलवून नाही म्हटलं. त्याने छडी डाव्या हातात घेतली, आणि उजवा हात कमरेपाशीच ठेवून, जेवढा हलत होता तेवढा, आत्याचा हात खाली येईपर्यंत तो तिच्याकडे बघून हलवत राहिला.